घाटात पेटणारी इंजिन लाईट : पी०१७१ पुसला तरी परत का येतो?

पुण्याहून साताऱ्याला निघालं की खंबाटकीच्या चढावर डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाईट लागायची. साताऱ्यात स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड निघायचा, पी०१७१. मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मेकॅनिक कोड पुसून द्यायचा आणि लाईट जायची. परत येताना बोगद्यातून आलो की काही नाही, पुण्याच्या रहदारीत तीन-तीन आठवडे काही नाही. मग गावाकडच्या पुढच्या एक-दोन फेऱ्यांत पुन्हा तोच चढ आणि तीच लाईट.

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, एक लाख तीस हजार किलोमीटर झालेली. या एका कोडपायी वर्षभरात ऑक्सिजन सेन्सर बदलला, चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी दोनदा साफ करून घेतली. लाईट काही थांबली नाही. दोष शेवटी पेट्रोलच्या टाकीत निघाला. वाईट याचं वाटतं की तो कुठे आहे हे गाडीने पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही दर वेळी कोडाबरोबर ते लिहिलेलंही पुसून टाकत होतो. जुनी गाडी आणि हाच कोड घेऊन कुणी गॅरेजच्या फेऱ्या मारत असेल तर त्याचे पैसे वाचावेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कोड पुसायच्या आधी

कोड लागतो त्या क्षणी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनची स्थिती टिपून ठेवतं. याला फ्रीज फ्रेम म्हणतात. आरपीएम किती होता, इंजिनवर लोड किती, कूलंटचं तापमान किती, गाडीचा वेग किती आणि फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं) किती, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ही नोंद जाते. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी लावल्या लावल्या पहिली विनंती हीच करा की आधी फ्रीज फ्रेमचा फोटो काढू द्या, मग काय ते पुसा.

स्वतःकडे गाडीतले कोड वाचणारा साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर असेल तर उत्तमच. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि आकडे फोनवर दिसतात. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झालं. त्याआधीच्या काही गाड्या या साध्या अडॅप्टरला दाद देत नाहीत, त्यांना कंपनीचा स्कॅनरच लागतो.

माझ्या गाडीची फ्रीज फ्रेम अशी होती : आरपीएम ३१००, लोड ८६ टक्के, कूलंट ९२ अंश, वेग ताशी ५६, शॉर्ट टर्म ट्रिम +११, लाँग टर्म ट्रिम +१६. म्हणजे इंजिन पूर्ण गरम, तिसरा गिअर, पाय बऱ्यापैकी दाबलेला. आयडलिंगला लागलेला कोड आणि हा कोड नंबराने एकच असले तरी दुखणं वेगळं असतं.

ही लाईट लगेच का लागत नाही, तेही इथेच सांगतो. बहुतेक गाड्यांत दोष पहिल्यांदा दिसला की तो 'पेंडिंग' म्हणून नोंदला जातो. पुन्हा तशाच परिस्थितीत दिसला की मग लाईट लागते. पुण्यात चढ नाही, लोड नाही, म्हणून तिथे दोष दिसतच नव्हता. पुसून दिल्यावर 'बरी झाली' असं वाटायचं ते यामुळे.

आणखी एक. लाईट स्थिर असेल तर गाडी सांभाळून घरी आणता येते. लुकलुकत असेल आणि इंजिन झटके देत असेल तर बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो पार्ट फार महाग आहे.

ट्रिम वाचायला शिका, बाकी सोपं आहे

पी०१७१ हे कुठल्याही पार्टचं नाव नाही. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. तो एवढंच सांगतो की पेट्रोल वाढवून वाढवून ईसीएम थकलं, तरी सेन्सरला धुरात जास्तीचा ऑक्सिजन दिसतोच आहे.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हा मूळ हिशेब. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या तोंडाशी बसून हिशेब जमला की नाही ते पाहतो. जमला नाही तर ईसीएम इंजेक्टर जरा जास्त किंवा जरा कमी वेळ उघडं ठेवतं. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि बराच काळ लागत राहिलेली दुरुस्ती मुरून बसते ती लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज बघायची. बेरीज अधिक-उणे पाचच्या आत असेल तर इंजिन निरोगी. दहापर्यंत जुन्या गाडीत चालून जातं. पंचवीसच्या आसपास जाऊन तिथेच बसली की कोड येतो. अधिक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय म्हणून वाढवलं, उणे म्हणजे जास्त होतंय म्हणून घटवलं.

आता इंजिन गरम करून ही बेरीज तीनदा लिहा : आयडलिंगला, उभ्या गाडीत रेस २५०० वर धरून, आणि चढावर. चढावरचे आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही. माझे आकडे होते +७, +९ आणि +२६. नुसते हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि वर्षभराचा गुंता मला पहिल्यांदा सुटताना दिसला. इंजिनाची मागणी वाढेल तशी तूट वाढत होती. म्हणजे पेट्रोल मागच्या बाजूनेच पुरत नव्हतं.

आकडे उलटे असते, म्हणजे आयडलिंगला +२५ आणि २५०० ला +५, तर संशय हवेच्या फटीवर गेला असता. फट तेवढीच राहते, पण रेस वाढली की एकूण हवा इतकी वाढते की त्या फटीची हवा त्यात किरकोळ ठरते.

तुमच्या गाडीत मॅफ आहे की मॅप?

इथे बहुतेक जण फसतात, मीही महिनाभर चुकीच्या दिशेला शोधत होतो. इंटरनेटवर पी०१७१ शोधलं की दहातल्या नऊ ठिकाणी 'व्हॅक्यूम लीक बघा, एअर फ्लो सेन्सर साफ करा' असंच लिहिलेलं सापडतं. ते बहुतेक अमेरिकेतल्या गाड्यांबद्दल असतं. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर असतो. त्याच्या मागे कुठे फट पडली तर आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही, आणि मिक्श्चर लीन होतं.

आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच. त्यांत मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो. फटीतून हवा शिरली तर दाब वाढतो, वाढलेला दाब सेन्सरला दिसतो, आणि ईसीएम त्या हवेपुरतं पेट्रोलही देऊन टाकतं. त्यामुळे अशा गाडीत फट पडली की लीन कोडापेक्षा आयडलिंग चढलेलं सापडतं. ते खाली आणायला ईसीएम आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण मिटून घेतं. मॅप असलेल्या गाडीत आयडलिंग ठीक आहे, थ्रॉटलचे आकडे ठीक आहेत आणि तरीही लीन कोड येतोय, तर नळ्या चाचपण्यात दिवस घालवू नका. पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि सायलेन्सरची गळती आधी बघा.

ओळखायचं कसं? एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या नळीवर चार-पाच वायरींचा प्लग असेल तर बहुधा मॅफ. ती नळी साधीच असेल आणि मॅनिफोल्डवर तीन-चार वायरींचा छोटा सेन्सर बसलेला असेल तर मॅप.

मॅफवाल्यांनी फट शोधताना ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट या तीन जागा आधी घ्याव्यात. पीसीव्हीची रबरी कोपरनळी वरून ठणठणीत दिसते, खालच्या बाजूने चिरलेली असते. बोटाने वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. गाडी उघड्यावर लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या आणि वायरीही बघा, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली ऊब शोधत येतात. चालू इंजिनवर कार्ब क्लीनर मारून फट शोधणारे खूप आहेत, पण तो स्प्रे गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पेट घेतो. साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरींचे प्लग तेवढे वाचवा. फटीवर पाणी बसलं की आयडलिंगचा आवाज क्षणभर बदलतो.

सायलेन्सरच्या गळतीचं लक्षण वेगळं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटंच लीन सांगतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि लोखंड तापून फुगलं की तो कमी होतो.

ई२० चा वाटा किती?

पंपावर उभं राहून 'सगळं ई२० मुळेच' म्हणणारे भेटतात, आणि 'त्याने काहीच होत नाही' म्हणणारेही. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हिशेब असा आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७, तर १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१ आणि २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई१० च्या तुलनेत चारेक टक्के आणि शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत नऊएक टक्के इंधन जास्त. ई२० फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे पोचलं. जुन्या गाडीची ट्रिम तेवढ्याने वर सरकलेली असणारच.

निरोगी गाडीत एवढ्याने कोड येत नाही. पण आधीच +१८ वर रखडत चाललेली गाडी त्या चार-पाच टक्क्यांनी कडेवरून खाली जाते. इथेनॉलने माझी गाडी बिघडवली असं मी म्हणणार नाही. आत लपलेलं दुखणं त्याने वर आणलं. दुसरा परिणाम जास्त त्रासाचा : टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर इथेनॉल सोडवतं आणि तो वाहत येऊन जाळीत अडकतो. पावसाळ्यात गाडी महिनोनमहिने उभी असेल तर मिश्रणात पाणी मुरून तळाशी वेगळा थर बसण्याचीही शक्यता असते.

गेज नसताना करायची घाटाची परीक्षा

जुन्या धाटणीचा, म्हणजे शून्य ते एक व्होल्टमध्ये हलणारा ऑक्सिजन सेन्सर असेल तर ही परीक्षा फुकटात होते. गरम इंजिन, मोकळा चढ, दुसरा किंवा तिसरा गिअर, आणि चार-पाच सेकंद पाय पूर्ण खाली. पूर्ण थ्रॉटलला ईसीएम मुद्दाम जास्त पेट्रोल देतं, त्यामुळे पुढच्या सेन्सरचा आकडा ०.८ ते ०.९ व्होल्टवर जाऊन टिकला पाहिजे. शेजारच्या सीटवरून बायकोने वाचलेला आकडा होता ०.१४. ती म्हणाली, "हा वर जातच नाहीये." चढ संपून पाय सैल केला, आणि आकडा लगेच आधीसारखा वर-खाली नाचू लागला. म्हणजे सेन्सर जिवंत होता. वर्षापूर्वी बदललेला जुना सेन्सरही बहुधा चांगलाच होता.

त्यानंतर साताऱ्यातल्या दुसऱ्या गॅरेजात इंधनाच्या लाइनीत टी घालून दाबाचं गेज लावलं. छोट्या गाड्यांच्या रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावायला वेगळी जागा बहुधा नसते, म्हणून ही टी लागते. आयडलिंगला दाब बरोबर ३ बार, जो आधीच्या मेकॅनिकने पाहून 'पंप ओके' म्हटलं होतं. गेज लावूनच चढावर नेलं तेव्हा तोच दाब २.१ वर आला. दाब बघायचा तर भार देऊन बघा, उभ्या गाडीतला दाब फसवतो.

पंप बदलायलाच निघालो होतो. पण तिथले वयस्कर मेकॅनिक म्हणाले, आधी टाकी उघडू. मागची सीट उचलली, खाली झाकण, झाकणाखाली पंपाचं मॉड्यूल. पंपाच्या तळाशी नायलॉनची पांढरी जाळी असते, मोज्यासारखी. आमची तपकिरी झाली होती, बोटाला मेणचट लागत होती. त्यांनी तिच्यात चमचाभर पेट्रोल ओतलं. ते वरच थरथरत राहिलं, खाली उतरेना. "हे बघा दादा, थेंब बी जाईना ह्यातनं. पंप काय करंल बिचारा?" आयडलिंगला लागणारं थोडंसं पेट्रोल त्यातून झिरपत होतं, चढाला लागणारं येत नव्हतं.

जाळी नवी, झाकणाची रबर रिंग नवी, टाकीचा तळ पुसून घेतला. ऑक्सिजन सेन्सरला गेलेल्या पैशांपुढे हा खर्च अगदीच थोडा होता. रिंग ई२० ला चालणारी आहे का हे विचारून घ्या, जुनी रिंग एकदा फुगली की परत नीट बसत नाही.

हे काम घरी करणार असाल तर मोकळ्या हवेत, टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल असताना, आणि आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून लाइनीतला दाब उतरवून. मग बॅटरीची निगेटिव्ह काढायची. जवळ अग्निशामक हवाच. यातलं एकही जमत नसेल तर गॅरेजातच करा.

कायम रिझर्व्हवर चालवायची सवयही सोडा. पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं, आणि तळाचा गाळ कमी पेट्रोलात लवकर जाळीशी येतो. सीएनजी किट बसवलेल्यांनी तर हे जपावंच, कारण गॅसवर चालतानाही बऱ्याच जुळण्यांत पेट्रोलचा पंप फिरत राहतो आणि टाकीत महिनोनमहिने तेच पाच लिटर असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पी०१७१ आला तर दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम बघा. पेट्रोलवर आकडे ठीक आणि गॅसवर वर जात असतील तर दोष किटच्या ट्यूनिंगमध्ये, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरमध्ये किंवा गॅसच्या फिल्टरमध्ये आहे.

उलटा कोड, पी०१७२

ट्रिम उणे पंचवीस, अ‍ॅव्हरेज घसरलेलं, सायलेन्सरला पेट्रोलचा वास. इंजेक्टर गळतोय का, टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय का हे बघायचंच. दाबाचा रेग्युलेटर रेलवर असलेल्या जुन्या गाडीत त्याची व्हॅक्यूमची नळी काढून हुंगा, आत ओलं पेट्रोल असेल तर पडदा फाटलाय. पीयूसीच्या कागदावरचा सीओचा आकडाही बघत चला, बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगची मर्यादा ०.३ टक्के आहे. पास झाली तरी गेल्या वर्षीच्या कागदाशी ताडून बघा.

पण मी आधी कूलंटचं तापमान बघेन. शेजारच्या काकांच्या २००८ च्या गाडीला हाच त्रास होता. हायवेवर अर्धा तास चालवूनही तापमान ६२ अंशांच्या वर जाईना. कुणीतरी पूर्वी 'आपल्याकडे गरमीच आहे, कशाला लागतोय' म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. ईसीएमला इंजिन कायम थंडच दिसायचं, म्हणून ते कायम चोक दिल्यासारखं पेट्रोल ओतत होतं. थर्मोस्टॅट परत बसवला, तापमान ८८ वर थांबू लागलं आणि कोड गेला.

अमेरिकेत जुनी गाडी वापरणाऱ्या मराठी वाचकांना पी०४५५ सुद्धा भेटतो, टाकीतल्या वाफेची मोठी गळती. तिथे पेट्रोलचं झाकण आणि त्याची रबर रिंग पहिल्यांदा बघावी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ही गळती तपासलीच जात नाही, म्हणून झाकण घट्ट करून आपली लाईट जाईल अशी आशा ठेवू नका. आणि तिथे तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसू नका. त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात आणि गाडी त्या कारणानेच नापास होते.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसायचा, पण त्याआधी फोटो काढलेला हवा. पुसल्यावर लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येते, म्हणून पहिले पन्नासेक किलोमीटर आकड्यांवर विश्वास ठेवू नका, शिकायला वेळ द्या. मग तेच तीन आकडे पुन्हा लिहा, शक्यतो त्याच चढावर. लाईट नाही म्हणजे दोष गेला असं धरू नका, पेंडिंगच्या यादीतही डोकावून बघा.

जाळी बदलून सात महिने झाले. गेल्या आठवड्यात खंबाटकीला आम्ही तेच केलं, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. बायकोने वाचलं, "पॉइंट अठ्ठ्याऐंशी." वर पोचल्यावर ट्रिमची बेरीज होती +६. ती ई२० ची आहे, तिला हात लावलेला नाही.